सासूबाईंची रिंग

माझ्या सासऱ्यांच्या अभिमानाच्या गोष्टी दोनच. एक त्यांची बोट आणि दुसरी त्यांच्या बायकोची पाटी. बोटीबद्दल ते बंदरावर बोलायचे, पाटीबद्दल कुठेही. "आमची ही जी पाटी उचलते ना, ती दोन बाप्यांना उचलनार नाय," हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या लग्नाच्या बोलणीत. माझे वडील जळगावकडचे, कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरजवळ सरावलीत येऊन राहिलेले. मासळीच्या पाटीचं वजन हा घराण्याचा मोठेपणा कसा, हे त्यांना काही केल्या उमगेना. ते आपले "हो का, हो का" करत चहा पीत राहिले.

लग्न होऊन मी तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या या गावात आले आणि ती पाटी रोजच बघायला लागले. आमच्याकडे भरलेली पाटी बाई स्वतः डोक्यावर घेत नाही, दुसऱ्या कुणीतरी ती चढवावी लागते. सासरे समुद्रावर नसले की हे काम त्यांचं. सकाळी सासूबाई डोक्यावर चुंबळ ठेवून अंगणात उभ्या राहायच्या आणि सासरे पाटीत मासळी रचायचे. रचून झाली की विचारायचे, "अजून टाकू?" सासूबाई म्हणायच्या, "टाका." मग ते आणखी दोन ओंजळी टाकायचे, पाटी दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचे आणि ती नाक्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. नाक्यावरून टेम्पो, टेम्पोतून बोईसरचा बाजार. मला तर ते बघून नवऱ्याचा रागच यायचा. आमच्या ह्यांनी मला कधी असं बघितलेलं नाही.

तर अशा या सासूबाई. एका रविवारी मी त्यांना बाजारातून स्कूटरवर घरी आणत होते. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या माझा खांदा अशा आवळायच्या की माझी मान वाकडी व्हायची. मी दोनदा ओरडले. कुंभवलीच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "थांब गो बाय, जरा थांब." स्कूटरवरून उतरून एका कंपाउंडच्या आड गेल्या. मला वाटलं पोट बिघडलं असेल. परत आल्या, लुगडं नीट केलं आणि चप्पल तुटली म्हणून सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "काय नाय. अंग बाहेर येतंय."

अंग बाहेर येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माहेरच्या बायका हा शब्द पदराआड बोलायच्या. गर्भाशय खाली सरकतं, जागेवर राहत नाही. माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात, त्यात खोटं नाही. मी भर रस्त्यात त्यांना झापलं. कधीपासून आहे, कुणाला सांगितलं का नाही, रोज ही एवढी पाटी कशी उचलता, असं एकापाठोपाठ एक. त्या शांतपणे माझी बडबड संपायची वाट बघत उभ्या होत्या.

"धाकटीच्या बालंतपनापासून थोडा थोडा होता," त्या म्हणाल्या. "पाली गेली तशी वाडला. खोकला आला का लघवी पन जाते. जुना लुगडा फाडून घड्या ठेवते मी. चालतंय."

"बाबांना माहितीये?"

इतका वेळ शांत असलेला तो चेहरा एकदम घाबरला. "त्यांना सांगशील तर माजा मेलेला तोंड बगशील," त्या म्हणाल्या.

भीती कशाची होती ते घरी पोचेपर्यंत कळलं. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला हाच त्रास. तिची पिशवी काढली. ऑपरेशन चांगलं झालं, ती बरीही झाली, पण घरच्या पुरुषांनी ठरवून टाकलं की आता हिला जपायचं. मासळीबाजारातली जागा आमच्याकडे सासूकडून सुनेकडे जाते. या आत्याची सून होती शिक्षिका. ती काही पाट टाकून कोळंबी विकायला बसणार नव्हती. रिकाम्या जागेवर दुसरीनं टोपली ठेवली आणि ती जागा गेली. आत्या आता दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "काय गो, बाजार कसा होता?" असं विचारते. कुणी थांबून सांगितलं तर तेवढाच तिचा दिवस चांगला.

"दवाखाना म्हनजे पिशवी, आनि पिशवी म्हनजे घर," सासूबाई म्हणाल्या. "तू काय माजी जागा चालवनार हायस? तुला पाप्लेट नि हलवा वेगला कलत नाय अजून."

हे मात्र खरं होतं. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासायला आहे. गोळ्यांच्या पाकिटातली एक रिकामी खळगी मला लांबून दिसते, पण मासळीच्या बाबतीत माझा आनंदीआनंद. सासूबाई बसायच्या बंद झाल्या की त्यांच्या सासूच्या सासूपासूनची जागा जाणार, हे मलाही दिसत होतं. आणि जागा गेल्यावर ओट्यावर बसलेल्या सासूबाई मला डोळ्यांसमोर आणवेनात. त्यांच्याशिवाय बोईसरचा बाजार म्हणजे काय, नुसती दुर्गंधी.

सासऱ्यांना कळू द्यायचं नाही या अटीवर त्या दवाखान्यात यायला तयार झाल्या. सासरे फेरीला गेले होते तेव्हा मी सुट्टी टाकून त्यांना पालघरला नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्या असतील. त्यांनी नीट तपासलं, घाई केली नाही. मग खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळं ती तोलून धरते. तुमची झोळी सैल पडलीये."

"जाल्यासारकी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, जाळ्यासारखीच."

"मंग शिवायला पायजे." सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

"शिवायची वेळ आली तर शिवू. ऑपरेशन काही वाईट नसतं. पण आधी दुसरे उपाय आहेत आणि तुमच्या बाबतीत ते करून बघण्यासारखे आहेत." मग त्यांनी दोन उपाय सांगितले. एक व्यायाम. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आतून वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. हे रोज, महिनोन् महिने. दुसरा उपाय म्हणजे रिंग. मऊ सिलिकॉनची, आत बसवायची. ती बसली की वरचं खाली उतरत नाही. सोबत आत लावायचं एक मलम, पोट साफ राहील असं खाणं, खोकल्यावर औषध आणि जड उचलणं बंद.

डॉक्टरांनी वेगवेगळ्या मापाच्या रिंगा ट्रेमध्ये काढल्या. सासूबाईंनी एक उचलली, दाबून पाहिली, वाकवून पाहिली आणि नाकाशी नेऊन वास घेतला. जन्माची सवय. डॉक्टर हसल्या. पहिली रिंग बसवून त्यांनी सांगितलं, "आता चाला, खोका, बाजारात बसता तशा बसा, लघवीला जाऊन या." सासूबाई उकिडव्या बसल्या आणि रिंग बाहेर. त्या एवढ्या ओशाळल्या की जणू दवाखान्यातली बशी फोडली. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, ब्लाउज तरी पहिल्याच मापाचा बसतो का?" आणि पुढची घेतली.

दुसरी बसली. सासूबाई चालल्या, खोकल्या, बसल्या, उठल्या, लघवी करून आल्या.

"काय वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय वाटत," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "काय नाय वाटत, गो," आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिथे काही वाटत नव्हतं. माझी आई गेली तेव्हाही मला रडायला आलं नव्हतं तेवढं त्या खोलीत आलं.

व्यायामाची गंमत वेगळीच झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजच्या कामाला जोडून टाका म्हणजे विसरणार नाही. सासूबाईंनी तो गिऱ्हाइकाला जोडला. भाव सांगायचा आणि आवळून धरायचं. आता आवळताना त्यांना बोलायला जमायचं नाही. त्या नुसत्या समोर बघत बसायच्या, डोळे मोठे, ओठ मिटलेले. कॉलनीतल्या बाया भाव पाडायला तयार होऊन आलेल्या असायच्या, समोरून उत्तरच येत नाही म्हटल्यावर त्यांचा धीर सुटायचा. "बरं बाई, द्या," म्हणून मोकळ्या व्हायच्या. सासूबाई मग हळूच सोडायच्या आणि सुरमई तोलायच्या. मी हे एका रविवारी शेजारी बसून बघितलं आणि हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "हसतेस काय?" त्या म्हणाल्या. "तू पन कर. तुला पन दोन बालंतपना झाली." मीही करायला लागले. तेव्हापासून कारखान्यात सुपरवायझर माझ्याशी जरा जपून बोलतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त पाटीचं काय करायचं, तेवढा प्रश्न होता.

सासऱ्यांना सांगायचं नाही, म्हणजे पाटी कमी करा असंही सांगता येत नव्हतं. घरी असले की ते आपले रोज विचारायचे, "अजून टाकू?" आणि सासूबाई म्हणायच्या, "टाका." मग आम्ही एक सोंग उभं केलं. वळणापलीकडे बर्फाच्या कारखान्याची भिंत आहे. मी ड्यूटीला जायच्या आधी स्कूटर घेऊन तिथे उभी राहायची. सासूबाई आल्या की पाटी उतरवायची, निम्म्याहून जास्त मासळी स्कूटरवरच्या क्रेटमध्ये भरायची आणि क्रेट मी नाक्यावर पोचवायचा. कारखान्यात माझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो अशी कुजबुज सुरू झाली, तीही मी सोसली. पण घर ते भिंत एवढ्या अंतरात ती आख्खी पाटी त्यांच्या डोक्यावर असायचीच, आणि त्यावरून आमची रोज जुंपायची.

"सांगून टाका ना एकदाचं," मी म्हणायची.

"सांगितला का उद्या मी तुज्या आत्येसासूच्या बाजूला ओट्यावर. दोगी मिलून इचारू, बाजार कसा होता."

मी स्कूटर चालू करायची.

पुढच्या एका तपासणीत डॉक्टरांनी त्यांना रिंग स्वतः काढायला आणि बसवायला शिकवलं. सगळ्यांना जमत नाही, त्यांना झटकन जमलं. आठवड्यातून एका रात्री काढायची, साबणानं धुवायची, सकाळी परत बसवायची. मी कौतुकानं एक झाकणाची गुलाबी डबी आणून दिली. त्यांनी ती धण्यांना वापरली.

"डबी दिसली का पोरं उगडनार," त्या म्हणाल्या. "तुजा नवरा पन उगडनार, त्याला सगलीकडं खाऊ दिसतो. मी पडवीत टांगते खिल्याला. तितं कोन बगतंय?"

ही त्यांची अक्कल. आमच्या पडवीच्या भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी टांगलेलं. रबरी कड्या, प्लास्टिकच्या कड्या, जाळं तरंगतं ठेवणारे बोये, दोरांची वेटोळी. त्या गर्दीत एक कडी जास्त झाली तर कुणाला कळणार? मला स्वतःला ती दिवसाउजेडी शोधायला वेळ लागला, त्यामुळे मी गप्प बसले. पण मासेमाराच्या पडवीत कडी टांगणं म्हणजे मांजरापुढे बोंबील टांगणं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली. नारळ वाहून झाला, आणि सासऱ्यांची बोट भल्या पहाटे भरतीबरोबर पहिल्या फेरीला गेली. सकाळी सासूबाई पडवीत गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. मी जाऊन पाहिलं तर त्या एकेक कडी काढून हातात घेऊन बघत होत्या. आम्ही सगळा पसारा उतरवला. मग त्या पायरीवर बसल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बोटीवर गेली."

मला हसू आवरेना. मी भिंतीला धरून हसले. त्या आधी चिडल्या, मला दोन शिव्या दिल्या, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्या ओरडल्या, "गप गो भवाने, माजी लघवी चालली!"

हसून झाल्यावर मी म्हटलं, उठा, पालघरला जाऊन दुसरी आणू. त्या ऐकेनात. डॉक्टरला काय सांगू, रिंग मासेमारीला गेली? चार-पाच दिवसांत बोट येईल तेव्हा येईल. त्या दिवसांत त्या पुन्हा लुगड्याची घडी ठेवून बाजाराला गेल्या. संध्याकाळी आल्या की पायांखाली उशी घेऊन पडून राहायच्या. मधले महिने किती सुखाचे गेले होते, ते त्या उशीकडे बघून कळत होतं.

बोट आली त्या दिवशी बंदरावर बायकांची ही गर्दी. पहिल्या फेरीची मासळी म्हटल्यावर सगळ्या आपापल्या पाट्या घेऊन आलेल्या. सासरे उतरले ते हसतच. हातात जाळ्याच्या टोकाच्या निशाणाचा बांबू. समुद्रात जाळं कुठवर आहे ते लांबून दिसावं म्हणून बोयात बांबू खोवून त्याला बावटा लावतात. आमच्या बोटीचा बावटा कायम कललेला असायचा, कारण बोयाचं भोक मोठं आणि बांबू बारीक.

"ह्या बगा!" सासऱ्यांनी बांबू उभा धरला. बांबूच्या बुडाशी, बोयाच्या तोंडात गच्च, सासूबाईंची रिंग. "एवडा वारा होता, एवड्या लाटा होत्या, पन बावटा सरल म्हनजे सरल! असली कडी आख्ख्या बंदरात नाय. ना सुटत, ना तडकत." मग बायकोकडे वळून, सगळ्यांच्या देखत, "अगो, कुटून आनलीस ही? अजून चार आन!"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मी पुढे होणार तेवढ्यात आमच्या समोरच्या घरातली काकू सरसावली. या काकूचं तोंड म्हणजे फाटकं, गावाला ठाऊक. तिनं बांबू हातात घेतला, रिंग उपसून काढली, एकदा नीट बघितली आणि काही न बोलता सासूबाईंच्या रिकाम्या पाटीत टाकून वर फडकं झाकलं. "बायकांची वस्तू हाय," ती सासऱ्यांना म्हणाली. "बावट्याला दुसरा काय तरी बग." मग सासूबाईंच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "पालघरचीच ना? माजी पन तितलीच."

बायका समजल्या. पुरुषांना काही कळलं नाही, पण काहीतरी कळायचं राहिलंय एवढं सासऱ्यांना कळलं. घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं आणि सासूबाईंना सांगावंच लागलं. दोघं आतल्या खोलीत होते. मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी होते, तरी शब्द ऐकू आले नाहीत. सासरे बाहेर आले, पण जेवले नाहीत. पडवीत जाऊन त्या खिळ्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसले.

सकाळी त्यांनी पाटी पालथी घातली. "आजपासून बाजार बंद," एवढंच म्हणाले.

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते घाबरून बोलले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड.  सासूबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरली आणि ओट्यावर जाऊन बसल्या. समोरून टेम्पोला जाणाऱ्या बायका दिसत होत्या. मला ते बघवलं नाही. लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर मी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात का? बंद करायचं तर करा, पण आधी पालघरला येऊन डॉक्टरांना विचारा. त्यांनी बंद म्हटलं तर मी आईंना एका शब्दानं बाजार म्हणू देणार नाही. आणि नाही म्हटलं, तर तुम्ही बंद म्हणायचं नाही." माझा आवाज शेवटी फाटला. नवरा आंघोळीवरून अर्ध्या अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आला होता.

 सासऱ्यांनी उठून धुतलेला शर्ट घातला.

दवाखान्यात ते बायकांच्या रांगेत, एकटे पुरुष, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. डॉक्टरांना मी रिंगेची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. ती रिंग डिझेल आणि मासळीनं माखलेली, टाकूनच द्यायला हवी होती. त्यांनी नवी बसवली. मग सासऱ्यांना आत बोलावलं.

"हे कशापायी झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"एका कारणानं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाळंतपणं असतात. वय असतं, पाळी गेल्यावर स्नायू सैल होतात. वर्षानुवर्षं जड उचलणं असतं. सगळं मिळून."

"ती बाजारात बसली तर?"

"बसू द्या की. मासळी विकायला काहीच हरकत नाही. उलट या वयात कामात असलेलं बरं. फक्त जड उचलायचं नाही. ती पाटी डोक्यावर नको."

सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो इतका आवळला की स्पीडब्रेकर परवडला. सासरे खाली फरशीकडे बघत होते. "पाटी मीच चढवायचो," ते म्हणाले. डॉक्टरांना त्यातलं काय कळणार? त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या बाईला बोलावलं.

 बाजाराचं काय, ते येताना रिक्षात सासऱ्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची छाती माझीही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाटी सुलटी मांडलेली दिसली. सासरे मासळी रचत होते, नेहमीसारखी, काठोकाठ. माझं डोकंच फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी डोळ्यांनी गप्प केलं. त्या चुंबळ ठेवून उभ्या राहिल्या. सासरे जवळ गेले, त्यांच्या डोक्यावरची चुंबळ काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "चडव गो बाय."

आमच्या गावात पुरुष खांद्यावर ओझं घेतो, हातगाडी ओढतो. बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन कुणी पुरुष नाक्यापर्यंत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी आणि समोरच्या काकूनं मिळून पाटी चढवली. ते निघाले. पुढे सासूबाई रिकाम्या हातानं, मागे ते, आणि त्यांच्या मागे सगळी गल्ली.

"नवऱ्याला बाजारात विकायला काडलास काय गो?" काकू ओरडली.

"कोन घेतंय?" सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "जुना माल हाय."

बायका हसून हसून वाकल्या. मीही हसत होते. पण बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी आल्यावर मला दिसलं की सासऱ्यांची मान थरथरतेय. पाटीतलं पाणी त्यांच्या कानावरून शर्टात उतरत होतं. ते थांबले नाहीत. नाक्यावर टेम्पोपाशी पोचल्यावर दोघांनी मिळून पाटी उतरवली. ते टेम्पोच्या फळीला धरून उभे राहिले, दम लागलेला, मानेवर हात. आयुष्यभर त्यांनी ती पाटी अंगणात उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली होती. घेऊन ते कधी चालले नव्हते.

"एवडी जड होती," ते सासूबाईंना म्हणाले. "रोज. कमी टाका, असा एक दिस तरी सांगायचास का नाय?"

सासूबाईंनी पदरानं त्यांच्या कानावरचं पाणी पुसलं.

"तुमी एवड्या कवतिकानं इचारायचे, अजून टाकू? नको कसा म्हनू?"

मग त्या टेम्पोत चढल्या, आपल्या पाटीशेजारी बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल रे, बाजार उगडला आसंल." टेम्पो गेला. सासरे चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून रस्त्याकडे बघत उभे होते.